शेजारशेजारच्या पट्ट्या, पण मॉड्युलस दुप्पट-निमपट: मऊ टिश्यूच्या ताणचाचणीतला फरक शोधताना

तक्रार नेहमीची आहे. त्वचेच्या एकाच तुकड्यातून शेजारशेजारच्या पाच पट्ट्या कापल्या, एकाच यंत्रावर, एकाच वेगाने ताणल्या, आणि पाच आलेख पाच दिशांना गेले. एकीचा मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, दुसरीच्या दुप्पट. मग कुणीतरी म्हणतं, "जैविक पदार्थ आहे, फरक असायचाच." सरासरी निघते, तिच्यावर भलामोठा एरर बार चढतो आणि विषय मिटतो.

तो इतक्या लवकर मिटवू नका. जैविक फरक असतो आणि तो मोलाचाही असतो. पण शेजारच्या दोन पट्ट्यांत दुपटीचा फरक दिसला तर माझा पहिला संशय चाचणीवर असतो. ही टिश्यू कुठल्या तरी प्राण्याची असते, कधी देहदान केलेल्या माणसाची असते. ती दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हणून एकही पट्टी वाया जाण्याआधी फरक नेमका कुठून येतो ते हुडकून काढणं हे मी कामाचाच भाग मानतो.

आधी टिश्यू बाजूला ठेवा

ग्रिपमध्ये, म्हणजे पट्टीची टोकं धरणाऱ्या जबड्यांत, सिलिकॉन रबराची पट्टी लावा. ती वाळत नाही, कुजत नाही, तिच्यात तंतूंची दिशा नसते आणि आज जशी आहे तशीच ती पुढच्या महिन्यात असते. लांबी-रुंदी-जाडी टिश्यूच्या पट्टीएवढीच ठेवा. सुरुवातीला दोन-चार वेळा ताणून मोकळी करा, कारण फिलर घातलेलं रबर पहिल्या ताणानंतर मऊ पडतं (याला मलिन्स परिणाम म्हणतात). त्यानंतर मोजा, पट्टी काढा, पुन्हा लावा, पुन्हा मोजा.

काढून पुन्हा लावणं इथे महत्त्वाचं आहे. पट्टी जागेवरच ठेवून पुन्हा पुन्हा ताणली तर फक्त यंत्राची परीक्षा होते. काढून लावली की तुमच्या हाताची, ग्रिपची आणि शून्य धरण्याच्या पद्धतीचीही होते.

सिलिकॉनचे आकडेसुद्धा टिश्यूइतकेच विखुरले तर टिश्यूला दोष देण्यात अर्थ नाही. बल, शून्य किंवा ग्रिप यांपैकी काहीतरी बिघडलंय. सिलिकॉन चार-पाच टक्क्यांच्या आत जुळलं आणि टिश्यू मात्र विखुरलेलीच राहिली, तर पाणी, जाडी, तंतूंची दिशा आणि टिश्यूचा पूर्वेतिहास यांच्याकडे वळा. एवढ्या एका चाचणीने निम्मा शोध संपतो. ती पट्टी जपून ठेवा आणि टिश्यूला हात लावण्याआधी रोज एकदा ताणून पाहा.

बल खरंच मोजलं जातंय का?

१० ग्रॅमचं वजन वरच्या ग्रिपला टांगा. वाचन ०.०९८ न्यूटन यायला हवं. ते आलं नाही, किंवा आकडा जागच्या जागी नाचत राहिला, तर पुढे जाण्यात हशील नाही.

हे वजन १० ग्रॅमचंच का, हे एका हिशेबाने कळेल. मॉड्युलस १० किलोपास्कल असलेलं एक जेल घ्या. पट्टी ५ मिमी रुंद, २ मिमी जाड, म्हणजे छेद १० चौरस मिमी. तिला १० टक्के ताणलं तर स्ट्रेस, म्हणजे छेदाच्या दर एककामागचं बल, येतो १ किलोपास्कल आणि बल येतं अवघं ०.०१ न्यूटन, म्हणजे १० मिलिन्यूटन. १०० न्यूटनच्या लोड सेलवर (बल मोजणाऱ्या संवेदकावर) हे त्याच्या क्षमतेच्या दहा हजारावा भाग आहे. अशा वेळी आलेखावर जे दिसतं त्यातलं जेल किती आणि गोंगाट किती, हे कुणीच सांगू शकत नाही. लोड सेलच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्रात किमान किती बलापर्यंतची अचूकता दिली आहे ते पाहा, आणि तुमचं सर्वांत लहान महत्त्वाचं वाचन त्याच्या वर राहील असा सेल बसवा.

द्रावणाच्या टाकीत चाचणी करत असाल तर आणखी एक चोर आहे. वरची ग्रिप किंवा तिचा दांडा पाण्यात बुडालेला असतो. क्रॉसहेड, म्हणजे ग्रिप ओढणारा यंत्राचा सरकता भाग, वर जातं तसा दांडा पाण्याबाहेर येतो, उत्प्लावक बल कमी होतं आणि लोड सेलला वाटतं की पट्टी जास्त ओढतेय. १० मिमी व्यासाचा दांडा २ मिमी वर आला की सुमारे १.५ मिलिन्यूटनचा फरक पडतो. वरच्या जेलची पट्टी २० मिमी लांब असेल तर १० टक्के ताण म्हणजे नेमके हेच २ मिमी. म्हणजे १० मिलिन्यूटनच्या मोजमापात १५ टक्के चूक निव्वळ पाण्याची. दांडा ४ मिमीचा घेतला तर तीच चूक पाव मिलिन्यूटनवर येते. दांडा बदलता येत नसेल तर पट्टी न लावता तोच प्रवास एकदा करून बलाची नोंद घ्या आणि ती मूळ नोंदीतून वजा करा. टाकीतल्या पाण्याची पातळी दर वेळी सारखी ठेवा, म्हणजे ही वजाबाकी खरी ठरेल.

शून्य कुठे धरलं?

मला विचाराल तर सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, आणि सर्वांत कमी चर्चाही इथलीच होते.

धातूच्या तारेत शून्य आपोआप सापडतं: बल चढायला लागलं तो क्षण. मऊ टिश्यूत असा क्षण नसतो. आतले कोलॅजेनचे तंतू नागमोडी असतात. सुरुवातीला ते फक्त सरळ होतात, त्यामुळे लांबी वाढते पण बल जेमतेम वाढतं. आलेखाच्या या सपाट तोंडाला टो रीजन म्हणतात. तंतू सरळ झाले की मग आलेख उभा चढतो. १९५७ साली मार्गॉट रोच आणि ॲलन बर्टन यांनी धमनीवर हे फार सुंदर रीतीने दाखवलं. ट्रिप्सिनने इलॅस्टिन (रबरासारखं ताणलं जाणारं प्रथिन) काढून टाकलं तर उरलेली धमनी आलेखाच्या शेवटच्या उभ्या भागासारखी वागते, आणि फॉर्मिक ॲसिडने कोलॅजेन काढलं तर सुरुवातीच्या सपाट भागासारखी. म्हणजे तो सपाट भाग छाटून टाकायचा कचरा नव्हे, तिथे इलॅस्टिन काम करत असतं.

पण या सपाट भागामुळेच मूळ लांबी कुठे धरायची हे निसटतं राहतं. पट्टी किंचित सैल लावली गेली, तर ती घट्ट होईपर्यंतचा प्रवासही स्ट्रेनमध्ये, म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात वाढलेल्या लांबीत, मोजला जातो. हे किती महागात पडतं ते आकड्यांत पाहू. सोयीसाठी गोल आकडे घेतो: समजा टिश्यूचा स्ट्रेस घातांकी रीतीने वाढतोय, घातांकाचा गुणक २० आहे आणि पुढचा स्थिरांक ५ किलोपास्कल. शून्य बरोबर धरलं तर १० टक्के स्ट्रेनला आलेखाचा उतार, म्हणजे टँजंट मॉड्युलस, सुमारे ७४० किलोपास्कल येतो. आता २० मिमीच्या पट्टीत फक्त ०.४ मिमी सैलपणा राहिला असं धरा. तुम्ही ज्याला १० टक्के म्हणताय ते प्रत्यक्षात ८ टक्केच आहेत, आणि तिथला उतार सुमारे ४९५ किलोपास्कल. म्हणजे मॉड्युलस एक तृतीयांशाने घसरला. पट्टी उलट थोडी जास्त ओढून लावली, २ टक्के ताण आधीच खाऊन टाकला, तर तोच आकडा ११०० वर जातो. ४९५ आणि ११००! दुपटीहून जास्त फरक, आणि टिश्यू तीच. अर्धा मिलिमीटर सैलपणा डोळ्यांनी दिसतसुद्धा नाही.

यावर एक उपाय आहे आणि तो वापरला जावा असं मला मनापासून वाटतं. युआन-चेंग फंग यांनी १९६७ साली सशाच्या मेसेंटरीवरच्या, म्हणजे आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यावरच्या कामात दाखवलं की उतार स्ट्रेसविरुद्ध मांडला तर तो जवळजवळ सरळ रेषेत वाढतो. याचा आपल्या कामाचा अर्थ असा: मॉड्युलस "१० टक्के स्ट्रेनला" न सांगता "३० किलोपास्कल स्ट्रेसला" सांगा. वरच्या उदाहरणात ३० किलोपास्कलला उतार येतो २० गुणिले ३५ (३० अधिक तो ५ चा स्थिरांक), म्हणजे ७०० किलोपास्कल, आणि तो पट्टी सैल होती की ओढलेली यावर जवळपास अवलंबून राहत नाही. शून्य सरकलं की आलेख आडवा सरकतो. ठरावीक उंचीवरचा त्याचा चढ तोच राहतो.

हातातल्या पाच पट्ट्यांच्या नोंदी घ्या आणि याच रीतीने उतार स्ट्रेसविरुद्ध काढून पाहा. विखुरलेले आलेख एकावर एक बसले तर दोष शून्याचा होता, नवी टिश्यू कापायची गरज नाही.

इथे एक अट आहे: प्रीलोड (सैलपणा काढण्यापुरतं सुरुवातीचं बल) दिल्यावर बल पुन्हा शून्य करू नका. ०.०५ न्यूटन प्रीलोड लावून टेअरचं, म्हणजे वाचन शून्य करण्याचं, बटण दाबलं, तर १० चौरस मिमी छेदावर ५ किलोपास्कल कायमचे हरवतात. मग तुमचे ३० हे खरे ३५ असतात आणि उतार ७०० ऐवजी ८०० दिसतो. टेअर करायचं ते पट्टी वरच्या ग्रिपमध्ये लोंबकळत असताना, खालची ग्रिप मोकळी असताना. नंतर खालची ग्रिप आवळा, क्रॉसहेड किंचित खाली आणून पट्टी सैल करा, आणि सावकाश वर नेत ठरलेल्या प्रीलोडला थांबा. ती मूळ लांबी. प्रीलोड न्यूटनमध्ये न ठरवता किलोपास्कलमध्ये ठरवा, नाहीतर जाड आणि पातळ पट्ट्यांचं शून्य वेगवेगळ्या जागी पडतं.

"सरळ भागाचा उतार" नजरेने निवडण्याची सवयही सोडा. कंडरेच्या, म्हणजे टेन्डनच्या आलेखात खरोखर सरळ भाग असतो. त्वचेच्या किंवा धमनीच्या आलेखात मात्र ताण मर्यादित असेल तर सगळा आलेख वाकडाच असतो, आणि त्यातला कुठला तुकडा सरळ वाटतो हे अक्षांची मर्यादा किती ठेवली त्यावर ठरतं.

शरीरातली लांबी हा प्रश्न वेगळा. त्वचा आणि धमनी शरीरात आधीच ताणलेल्या असतात आणि कापल्या की आक्रसतात. कापण्याआधी पृष्ठभागावर शाईचे दोन ठिपके द्या, त्यांतलं अंतर मोजा, कापल्यावर पुन्हा मोजा. शरीरात ती टिश्यू किती ताणाखाली जगत होती हे त्या दोन आकड्यांतून कळतं, आणि कुठल्या स्ट्रेसजवळचा मॉड्युलस सांगण्यात अर्थ आहे तेही.

ग्रिपमध्ये काय चाललंय?

पट्टी धाडकन निसटली तर ते दिसतं. आलेखावर करवतीसारखे दात येतात, बल एकदम पडतं. त्याची मला फारशी काळजी नाही. काळजी हळू सरकण्याची आहे, कारण हळू सरकणारी पट्टी आलेखावर हुबेहूब मऊ पडणाऱ्या टिश्यूसारखी दिसते. कित्येकदा तिलाच "यील्ड" म्हणून नाव दिलं जातं.

ओळखायचं कसं? पट्टी ग्रिपमध्ये शिरते त्या कडेला लागून शाईची बारीक रेघ ओढा, वर आणि खाली. चाचणी झाल्यावर पाहा. रेघ कडेपासून १ मिमी बाहेर आली असेल तर २० मिमीच्या पट्टीत ५ टक्के खोटा स्ट्रेन मिसळलाय.

दुसरी खूण आणखी खात्रीची. पट्टीच्या मधल्या भागात दोन ठिपके द्या, पट्टी ताणून क्रॉसहेड थांबवा आणि काही मिनिटं तशीच धरून ठेवा. बल उतरेल. ते दोन कारणांनी उतरू शकतं: टिश्यू आतून शिथिल होतेय, किंवा टोकं सरकतायत. शिथिल होत असेल तर ठिपक्यांतलं अंतर तसंच राहतं. टोकं सरकत असतील तर मधला ताण सुटतो आणि ठिपके एकमेकांकडे येतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यानेसुद्धा हे टिपता येतं.

ग्रिपमध्ये काहीही सरकलं नाही तरी क्रॉसहेडच्या प्रवासावरून काढलेला स्ट्रेन चुकू शकतो, कारण जबड्याच्या आतला थोडा भागही ताणला जातो. हे पाहायला सिलिकॉनच्या, शक्य असेल तर टिश्यूच्याही, दोन लांबीच्या पट्ट्या ताणा: २० मिमी आणि ४० मिमी, दोन्ही ५ मिमी रुंद. क्रॉसहेडवरून काढलेला मॉड्युलस लांब पट्टीत जास्त आला तर टोकांचा हिस्सा मोठा आहे असं समजा. लांबी रुंदीच्या चौपट तरी असू द्या. त्याहून आखूड पट्टीत जबडे कडेचं आकुंचन अडवतात, आणि तो परिणाम पट्टीच्या मध्यापर्यंत पोचून ती उगाच ताठ दिसते.

खरा इलाज एकच: स्ट्रेन टिश्यूवर मोजा. मध्यभागी शाईचे ठिपके किंवा ग्राफाइटची भुकटी, समोर कॅमेरा, आणि फ्रेममागून फ्रेम ठिपक्यांचा माग. सावधगिरी थोडी हवी. पट्टी कॅमेऱ्यापासून ५०० मिमीवर असेल आणि ताणताना १ मिमी पुढे आली तर ०.२ टक्के खोटा स्ट्रेन दिसतो. त्वचेत हे चालून जाईल. टेन्डनमध्ये सगळा टो रीजनच सुमारे २ टक्क्यांत संपतो, तिथे नाही चालणार. टाकीतल्या पट्टीचं चित्र सपाट काचेतून, काचेला काटकोनात घ्या आणि मोजपट्टीचं चित्रही त्याच पाण्यात घ्या. बलाची नोंद आणि कॅमेरा यांची घड्याळं जुळवायला विसरू नका. सुरुवातीला एक दिवा लुकलुकवून तोच सिग्नल बलाच्या नोंदीतही घेतला की पुरे.

आता पकड. स्क्रूच्या ग्रिपमध्ये आवळलेल्या टिश्यूतून पाणी निघत राहतं, ती पातळ होते आणि काही मिनिटांत पकड ढिली पडते. म्हणून आवळल्यावर थोडं थांबून पुन्हा आवळावं लागतं. पण दुसऱ्यांदा आवळताना टिश्यू जबड्यातून बाहेर ढकलली जाते, पट्टी सैल पडते, बल ऋण दिसतं. त्यामुळे शून्य धरायचं ते शेवटच्या आवळण्यानंतरच. हवेच्या दाबावरच्या ग्रिप इथे फार बऱ्या, टिश्यू पातळ झाली तरी दाब कायम राहतो.

त्वचेसारख्या पट्टीची टोकं टिपून कोरडी करा आणि सँडपेपरच्या दोन तुकड्यांत, खरखरीत बाजू आत ठेवून, सुपरग्लूने चिकटवा. ग्लू थेंबभरच हवा. जास्त झाला की तो ओल्या पृष्ठभागावरून मधल्या भागाकडे पसरतो, पांढरा कडक डाग पडतो आणि पट्टी त्या डागाच्या कडेलाच तुटते. टेन्डनला मात्र सँडपेपर पुरत नाही. मधला भाग ओल्या गॉजमध्ये गुंडाळून टोकं हवेवर वाळवणं, किंवा टोकं गोठवणाऱ्या ग्रिप, हे तिथले मार्ग. गोठवताना थंडी मधल्या भागापर्यंत चढत नाही ना हे पाहत राहा. जेलला आवळायला जाल तर ते चिरडेल. ओततानाच त्याच्या टोकांत जाळीचा तुकडा बसवा आणि जाळीला पकडा.

पट्टी ग्रिपच्या कडेलाच तुटली तर तिची तुटण्याची ताकद वापरू नका, तो आकडा ग्रिपचा आहे. तुटण्याच्या बऱ्याच आधीचा मॉड्युलस मात्र, स्ट्रेन मध्यभागी मोजला असेल तर, वापरायला हरकत नाही.

जाडी

व्हर्निअरचा जबडा टिश्यूला दाबतो आणि प्रत्येक हात वेगळा दाबतो. २ मिमीच्या पट्टीत ०.२ मिमी चूक म्हणजे स्ट्रेसमध्ये थेट १० टक्के. बाजूने फोटो काढून जाडी मोजा, किंवा दोन काचपट्ट्यांमध्ये पट्टी हलकेच ठेवून एकूण जाडीतून काचा वजा करा.

तपासणी सोपी आहे: मॉड्युलस जाडीविरुद्ध मांडा. जाडी वाढते तसा मॉड्युलस ठरल्यासारखा घसरत असेल तर एकतर जाडीचं मोजमाप चुकतंय किंवा काही पट्ट्या पाणी पिऊन फुगल्यात. फुगलेल्या पट्टीत तंतू तेवढेच असतात, फक्त छेद वाढतो. त्वचेसाठी किंवा पातळ पडद्यांसाठी अशा वेळी दर मिलिमीटर रुंदीमागे किती बल लागलं हे सांगणं जास्त प्रामाणिक ठरतं.

पाणी, क्षार, तापमान

मॉड्युलस चाचणीच्या क्रमाविरुद्ध मांडून पाहा. सकाळची पहिली पट्टी मऊ आणि दुपारची शेवटची ताठ असा चढ दिसला, तर पट्ट्या वाळतायत. उघड्या हवेत, कॅमेऱ्याच्या दिव्याखाली, पातळ पट्टी काही मिनिटांत पृष्ठभागावरून सुकायला लागते. चाचणीच्या आधी आणि नंतर टिपकागदाने सारखंच टिपून वजन करा, म्हणजे शंका उरणार नाही. चढाऐवजी उतार दिसला तर द्रावणात पडून पट्ट्या फुगत असतील. साध्या पाण्यात टिश्यू फुगते हे बहुतेकांना माहीत असतं. पण पीबीएसमध्येही (फॉस्फेट असलेल्या खाऱ्या द्रावणातही) टेन्डन तासन्‌तास ठेवलं तर पाणी घेतं, याकडे दुर्लक्ष होतं. सगळ्या पट्ट्या द्रावणात सारखाच वेळ राहतील अशी आखणी करा आणि कुठल्या गटाची पट्टी कधी ताणायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.

जेलवर काम करणाऱ्यांसाठी दोन खास गोष्टी. कॅल्शियमने बांधलेलं अल्जिनेट जेल पीबीएसमध्ये ठेवलं तर फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, सोडियम त्याची जागा घेतं आणि जेल तासागणिक मऊ होत जातं. ते फॉस्फेट नसलेल्या आणि थोडं कॅल्शियम क्लोराइड घातलेल्या द्रावणात ठेवा. आणि साधं, क्रॉसलिंक न केलेलं जिलेटिन ३७ अंशांच्या टाकीत घालू नका, ते तिथे वितळतं.

ताजी धमनी ताणत असाल तर तिच्यातला गुळगुळीत स्नायू जिवंत असतो आणि आपल्या मर्जीने आकुंचन पावतो. केवळ भिंतीचा ताठपणा हवा असेल तर कॅल्शियमविरहित द्रावण किंवा पॅपाव्हरिनसारखं औषध वापरून स्नायू आधी सैल करावा लागतो. हे केलं नाही तर एकाच धमनीची दोन कडी दोन वेगळे आलेख देतात, आणि त्यात चूक कुणाचीच नसते.

पहिला फेरा दुसऱ्यासारखा का नसतो?

टिश्यूला आठवण असते. पहिल्यांदा ताणून सोडलेली पट्टी दुसऱ्यांदा थोडी वेगळी वागते, तिसऱ्यांदा कमी वेगळी, आणि काही फेऱ्यांनी लूप (ताणण्या-सोडण्याचे आलेख) एकमेकांवर बसायला लागतात. यालाच प्रीकंडिशनिंग म्हणतात. फेरे किती हे आधी ठरवण्यापेक्षा लागोपाठच्या दोन लूपांमधलं कमाल बल एक-दोन टक्क्यांत जुळेपर्यंत चालू ठेवा. बऱ्याच टिश्यूंना पाच ते दहा फेरे पुरतात.

यातली गोची मर्यादेची आहे. ८ टक्क्यांपर्यंत प्रीकंडिशनिंग करून १२ टक्क्यांपर्यंत चाचणी केली, तर ८ च्या पुढची टिश्यू पुन्हा कोरीच असते आणि आलेखाला तिथे गुडघा फुटतो. तो गुडघा म्हणजे टिश्यूचा गुणधर्म नव्हे. प्रीकंडिशनिंग चाचणीच्या कमाल स्ट्रेसपर्यंतच करा आणि दोन्हीचा वेग एकच ठेवा. फेऱ्यांनंतर पट्टी थोडी लांब झालेली असते, म्हणून मूळ लांबी प्रीकंडिशनिंगच्या आधीची की नंतरची हे नोंदवहीत लिहाच. दोन प्रयोगशाळांचे आकडे न जुळण्यामागे अनेकदा एवढंच एक न लिहिलेलं वाक्य असतं.

फेऱ्यांनी लूप स्थिर न होता उजवीकडे सरकतच राहिले तर प्रीकंडिशनिंग थांबवा आणि ग्रिपकडची शाईची रेघ पाहा.

कापण्याची दिशा

कार्ल लँगर यांनी १८६१ साली प्रेतांच्या त्वचेला गोल टोच्याने भोकं पाडली, आणि ती लंबगोल झाली. त्या लंबगोलांची दिशा शरीरावर जागोजागी ठरलेली होती. त्वचा त्या रेषांच्या दिशेने आणि त्यांना आडवी, अशी दोन वेगळ्या तऱ्हांनी ताणली जाते. शेजारच्या पट्ट्यासुद्धा हाताने कापताना वीस-तीस अंशांनी फिरल्या तर फरक दिसणारच. कापण्याआधी संपूर्ण तुकड्यावर समांतर रेघा आखून घ्या आणि समांतर पाती बसवलेल्या पंचने कापा. पाती धारदार हवीत. कडेला पडलेली बारीक खाच पुढे तिथूनच फाटते.

डंबेलच्या आकाराबद्दल थोडं. सिलिकॉनला आणि जेलला तो उत्तम. तंतुमय टिश्यूत मात्र मधला भाग अरुंद करताना कडेचे तंतू तुटतात आणि ते एका ग्रिपपासून दुसरीपर्यंत पोचत नाहीत, नुसतेच बाजूला सरकतात. टेन्डनसारख्या टिश्यूला सरळ पट्टीच बरी.

एवढं करूनही फरक उरला तर

तर तो बहुधा खरा आहे, आणि आता त्याच्याकडे पाहण्यात मजा आहे. महाधमनी हृदयाजवळ आणि पोटात सारखी नसते, कारण हृदयाजवळ इलॅस्टिनचं प्रमाण जास्त असतं. पाठीची त्वचा पोटाच्या त्वचेसारखी नसते. तरुण आणि म्हातारी टिश्यू वेगळी. कुठल्या जागेची पट्टी, कुठल्या दिशेची, कुठल्या वयाच्या प्राण्याची, किती वेळा गोठवून वितळवलेली, हे प्रत्येक फाइलच्या नावातच लिहून ठेवा, म्हणजे फरक दिसला की कारणही शोधता येईल.

आकडेवारी करताना मात्र एक गोष्ट पाळा. एकाच प्राण्याच्या पाच पट्ट्या म्हणजे पाच प्राणी नव्हेत. आधी प्रत्येक प्राण्याच्या पट्ट्यांची सरासरी काढा, मग प्राण्याप्राण्यांत तुलना करा, आणि सॅम्पलची संख्या म्हणून प्राण्यांची संख्या लिहा. पट्ट्यापट्ट्यांमधला फरक आणि प्राण्याप्राण्यांमधला फरक वेगवेगळा दाखवलात, तर पुढे ते काम वाचणाऱ्याला चाचणी कितपत पक्की होती हेही त्याच तक्त्यात दिसेल.